एकही लेख सुटू नये म्हणून

वर्गात तिला सगळे ‘ताजी खबर’ म्हणत, आणि तिला त्याचा मनातून अभिमान होता. बाईंनी वर्गाला निबंधासाठी विषय दिला होता: ओलसर भिंतींवरची बुरशी. विभागात संशोधन सहायकाची एकच जागा होती. ज्याचा निबंध आधी छापून येईल त्याला ती मिळणार, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. तिला ती जागा हवीच होती. शिकण्यासाठी तिने चांगली चालू नोकरी सोडली होती.

आता बुरशीवर जगात कुठे काही छापून आलं आणि आपल्यालाच कळलं नाही, तर केवढी नाचक्की! म्हणून तिने एकशे चाळीस नियतकालिकांची फीड लावून घेतली. कुठल्याही साइटवर नवीन काही आलं, की ते आपसूक तिच्या यादीत येऊन पडायचं. रोज सकाळी पाच-दहा लेख दारात हजर. ती ते इमानेइतबारे वाचायची, प्रत्येकाचं चार ओळींत सार काढून आपल्या ब्लॉगवर टाकायची आणि मग निबंधातला एखादा परिच्छेद बदलायची, कारण कालचा आज जुना झालेला असायचा.

“अगं, पण लिहून संपणार कधी?” शिवणयंत्रावरची मान वर न करता आई विचारायची.

“नवीन लेख येतच असतात गं.”

“नवीन फॅशन येईल म्हणून मी थांबले असते ना, तर माझी गिऱ्हाईकं उघडी फिरली असती.”

आईला संशोधनातलं काय कळणार, म्हणून तिने कानाडोळा केला.

वर्गातल्या एकाला सगळे ‘निवांत’ म्हणत, आणि तो होताही तसाच. तिला त्याची दया आली. कॅन्टीनमध्ये समोर बसवून तिने त्याला फीड लावायला शिकवलं, वर स्वतःची अख्खी यादीही देऊ केली.

“एवढं सगळं?” तो घाबरलाच. “नको बाई, मला एकच पुरे.”

एकच! ती पोट धरून हसली.

पुढे एका सोमवारी तिच्या यादीत एक नवा लेख आला. ओलसर भिंती, बुरशी, आणि लेखक निवांत. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. ती तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“तू एवढं वाचलंस कधी?”

“मी कुठे? तूच वाचलंस की. मी तुझ्या ब्लॉगची फीड लावली. रोज आयतं सार मिळायचं, मूळ लेख नुसते चाळले. लेखाच्या शेवटी तुझे आभार मानलेत बघ!”

तो मनापासून सांगत होता, याचाच तिला जास्त राग आला. घरी येऊन ती ढसाढसा रडली. आईने यंत्र थांबवलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

मग डोळे पुसून तिने निबंध उघडला. विषयावरचा सगळ्यात ताजा लेख वगळून कसं चालेल? संदर्भांच्या यादीत दोनशे तेराव्या क्रमांकावर तिने निवांतचं नाव घातलं. त्याच्या लेखामुळे आता तिसरा परिच्छेद बदलणं भाग होतं. ती तो बदलायला बसली.