भरलेला पट्टा

काडतूस घरी कसं भरतात ते मी सांगणार नाही. ज्याला हौस असेल त्यानं आधी आमच्या धुडकूभाऊंचा उजवा हात बघून यावा. सुरतेच्या नवागाममध्ये कोणालाही विचारा, घर दाखवतील.

मी सुषमा. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण राग आला की मी घेते, आणि हल्ली मला रोजच राग येतो. हेमराज सुरतेला आला तेव्हा कापडाच्या लूमवर होता. सासरे वारले आणि त्यांची दुनळी बंदूक लायसन्ससकट याच्या नावावर झाली. गावाकडे रानडुकरांसाठी ठेवलेली ती बंदूक. तिच्या जिवावर हा सोनाराच्या दुकानापुढे गनमॅन म्हणून उभा राहिला. कडक इस्त्रीचे कपडे, कमरेला काडतुसांचा पट्टा. लूमच्या खडखडाटातून सुटला म्हणून मीही पेढे वाटले. आता ते पेढे आठवले की तोंड कडू होतं.

गनमॅन पुरवणारी एजन्सी ललितभाईंची. त्यांचा नियम असा, की रोज सकाळी ड्यूटीवर उभं राहिलं की पट्ट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. पट्ट्यात पाच कप्पे, पाचही भरलेले दिसले पाहिजेत. नाही दिसले तर त्या दिवशी घरी जा. काडतुसं एजन्सी देणार नाही, ती ज्यानं त्यानं आणायची. आणि दुकानदार तर वर्ष झालं एकच सांगतोय, वरून माल नाही, पुढच्या महिन्यात बघ.

मग हेमराज रोज फोटो कसा टाकत होता? रिकामी काडतुसं खोचून. पट्ट्यात पितळी बूड तेवढं दिसतं, आत काय आहे ते कोण बघतं! सोनारही बघत नव्हता, ललितभाईही नाही. एवढ्या मोठ्या दुकानाची राखण माझा नवरा रिकाम्या टोपणांवर करत होता. दरोडा पडला असता तर काय केलं असतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "बंदूक देखीसनच पळतीन."

बरं, चांगली काडतुसं गेली कुठे? ती गेली दसऱ्याला. सुरतेबाहेर सचिन गावाच्या पुढे ललितभाईंचं फार्महाऊस आहे. दर दसऱ्याला तिथे शस्त्रपूजा असते. बंदुका ओळीनं मांडतात, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आणि मग पाहुण्यांसमोर सगळे गनमॅन हवेत बार काढतात. सलामी म्हणे! कायद्यात बसत नाही हे ललितभाईंनाही ठाऊक आहे, पण फार्महाऊसच्या भिंती उंच आहेत. पाहुणे व्हिडिओ काढतात, जिलेबी खातात. काडतूस मात्र गनमॅनचं. सेठच्या हौसेला याचा जीव वाचवायचं सामान उडवायचं, आणि वर याला त्याचा अभिमान. "मन्हा बार सगळास्ना वर गया," असं वर्षभर सांगत फिरायचा.

या वर्षी पट्टा रिकामाच होता. हेमराजनं सेठला तसं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर रोजच्या फोटोंचं बिंग फुटलं असतं. म्हणून मग धुडकूभाऊ आले. ते याच एजन्सीत गनमॅन, पट्टा त्यांचाही रिकामाच, आमच्याच गावाकडचे, माणूस एकदम मायाळू. माझ्या पोरीसाठी, योगितासाठी, कधी रिकाम्या हातानं आले नाहीत. या वेळी आले ते फटाक्यांची पिशवी घेऊन.

"वहिनी, काय नही व्हत," मला म्हणाले. "मन्हा बाप जंगलमा असाच भरे."

"तुमना बाप जंगलमा भरे," मी म्हटलं. "आठे एक खोली शे, नि त्या खोलीमा मन्ही पोरगी शे."

हसले दोघंही. मला लहानपणापासून याचाच राग येतो. बाई खरं बोलली की पुरुष आधी हसतात.

आमच्या खोलीत माझं काम चालतं. साड्यांच्या मागचे लोंबते धागे कापायचे. कारखान्यातून गठ्ठे येतात, छतापर्यंत रचलेले असतात. साड्या सगळ्या सिंथेटिक. पाऊस सरून हवा कोरडी झाली की घडी ओढताना चटचट आवाज होतो, बोटाला चटका बसतो, अंधारात ठिणगीही दिसते. सुरतेत हे काम करणाऱ्या बाईला त्याचं काही वाटत नाही. योगिता तर हाताला चटका बसला की खिदळते. आणि त्याच गठ्ठ्यांना पाठ लावून हे दोन शहाणे कागदावर फटाक्यांची दारू काढून बसले होते. काडतुसाला पुठ्ठा हवा म्हणून कारखान्यातले सूत गुंडाळायचे कोन कापून आणले होते. लूमवरचा माणूस, जिथे तिथे कोनाचा पुठ्ठा लावणारच.

योगितानं वरची साडी ओढली. कागदाच्या कडेला सांडलेली चिमूटभर दारू भप्पकन पेटली. चिमूटभरच, म्हणून मी आज बसून हे सांगते आहे. साडीचा पदर जळाला, पोरीच्या भुवया गेल्या, केस करपले. खोलीभर तो वास. मी कागदावर घागर उपडी केली आणि तोंडाला येईल ते बोलले. शेजारचे दारात जमले.

एवढं झाल्यावर कोणीही थांबलं असतं. हे दोघं उरलेले फटाके घेऊन माझ्या मोरीत जाऊन बसले. तिथे साड्या नाहीत म्हणून!

दुसऱ्या दिवशी मी ललितभाईंच्या ऑफिसात गेले. म्हटलं, सलामी तुमची, काडतुसं तुम्ही द्या, नाहीतर बार बंद करा. त्यांनी मला पाणी दिलं, बेन म्हणाले, आणि शांतपणे सांगितलं, "बंदूक एनी, लायसन्स एनुं, जवाबदारी पण एनी." म्हणजे सगळं त्याचं, यांचं काहीच नाही! मी ते पाणी न पिता निघाले.

मग मला जे सुचलं ते मी केलं. हेमराज ड्यूटीवर गेल्यावर भरलेल्या काडतुसांचा डबा काढला आणि साबणाच्या बादलीत सगळी बुडवली. दिवसभर. संध्याकाळी पुसून, कोरडी करून जागच्या जागी ठेवली. नोकरी गेली तरी चालेल, पण नवऱ्याचा हात आणि डोळे मला हवे होते. धुडकूभाऊ त्यांचा डबा त्यांच्या घरी घेऊन गेले होते, म्हणून मी सरस्वतीकडेही गेले. सरस्वती म्हणजे त्यांची बायको.

"पानीमा बुडाई टाक," मी म्हटलं. "मी टाकात."

"सेठसमोर फजिती व्हई, नोकरी जाई," ती म्हणाली. "नवराना पोटवर पानी ओतू का मी?"

मी तिला खूप समजावलं. शेवटी भांडून आले.

दसऱ्याला आम्ही बायकाही फार्महाऊसवर होतो. पुऱ्या लाटायला लागतात ना कोणीतरी. सलामी सुरू झाली. पहिल्या दोघांचे बार झाले, टाळ्या पडल्या. हेमराजनं बंदूक वर केली. खट्. दुसरी नळी, खट्. घाईघाईनं दुसरी काडतुसं घातली, पुन्हा खट्. पाहुणे हसायला लागले.

"हेमराज, आ बंदूक छे के लाकडी?" ललितभाई ओरडले, आणि हशा आणखी वाढला.

हेमराजचा चेहरा काळा पडला. त्यानं वळून थेट माझ्याकडे बघितलं. मी पुरी लाटत राहिले. खरं सांगते, मला त्या क्षणी आनंद झाला होता.

धुडकूभाऊ पुढे झाले. मित्राची लाज झाकावी म्हणून छाती काढून उभे राहिले. पहिला बार चांगला झाला. दुसऱ्याचा आवाजच वेगळा आला. धूर सरला तेव्हा बंदुकीची नळी घोड्यापाशी फाटलेली होती आणि भाऊ आपल्या हाताकडे बघत उभे होते. अंगठा होता. बाकी मला सांगवत नाही. सरस्वतीच्या हातात लाटणं तसंच होतं.

ललितभाईंचा पहिला शब्द काय असावा? गाडी काढा? नाही. "व्हिडिओ बंद करो!"

केटरिंगच्या टेम्पोत, रिकाम्या पातेल्यांमध्ये बसवून भाऊंना नेलं. दवाखान्यात एजन्सीचा माणूस डॉक्टरला म्हणाला, फटाका हातात फुटला. मग त्या माणसानं हेमराजकडे बघितलं, आणि माझ्या नवऱ्यानं हो म्हणून मान हलवली. मान हलवली त्यानं!

"बंदूक फुटली," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "सेठच्या सलामीत फुटली. घरी भरलेलं काडतूस होतं. लिहा."

हेमराजनं मला दंडाला धरून बाहेर पॅसेजमध्ये ओढलं. "लायसन्स जाई मन्हं, समजस का तुले? आनि मन्हा काडतुसं तूच भिजाडात ना?"

"हो. मीच."

त्याचा हात उठला. आजवर कधी उठला नव्हता.

"मारा," मी म्हटलं. "शाबूत शे म्हणीसन उठस तो."

हात तसाच वर राहिला. आतून सरस्वतीचा आवाज येत होता, ती भाऊंना पाणी पाजत होती. हेमराजनं हळूच हात खाली घेतला आणि त्या हाताकडे बघत बाकावर बसला. मीही बसले, पण लांब. माझा राग तेव्हाही गेला नव्हता आणि अजूनही गेलेला नाही.

दसऱ्यानंतर तो घरीच होता. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले, बंदूकही घेऊन गेले. पट्टा खिळ्याला लटकत होता. एका सकाळी फोन वाजला. एजन्सीचा ग्रुप. बाकीच्यांचे पट्टे एकामागून एक येत होते, आणि खाली सुपरवायझरनं लिहिलं होतं: हेमराज, धुडकू, फोटो बाकी.

हेमराजनं ते दोनदा वाचलं. मग फोन माझ्याकडे दिला आणि साड्यांच्या गठ्ठ्यावर उजवा हात पालथा ठेवला, बोटं फाकवून.

"काढ फोटो," तो म्हणाला. "पाची येऊ दे."

मी काढला. त्यानंच ग्रुपवर टाकला.