दाढी करता आली पाहिजे

माझ्या कामाचं नाव व्यवसायोपचार. नाव ऐकून लोक गोंधळतात. आजारपणानंतर माणसाला जेवण, अंघोळ, कपडे घालणं, जमलं तर कामधंदा, हे सगळं पुन्हा करता यावं म्हणून आम्ही ते त्याच्याकडूनच थोडंथोडं करून घेतो. पण सलूनवाले काका पहिल्या दिवशी दारावरची पाटी वाचून म्हणाले, "व्यवसाय तर माझा चाळीस वर्षं चालू आहे, ताई. त्यावर उपचार कसला?"

पक्षाघाताच्या झटक्यामुळे त्यांची जीभ जड झाली होती, पण विनोद शाबूत होता. बरोबर आलेली त्यांची सून हसली, मीही हसले.

काका एकसष्ट वर्षांचे. सकाळी दुकानाचं शटर उचलायला वाकले आणि उजवी बाजू गेली. पंधरा दिवस रुग्णालयात काढून सुनेच्या खांद्यावर हात टाकून ते आमच्या विभागात आले. पाय सुधारत होता. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

नव्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला काय करता यायला हवं? शिकताना आमच्याकडून तो घोकून घेतलेला. मी विचारला.

काका म्हणाले, "दाढी करता आली पाहिजे. बाकी तुम्ही सांगाल ते करीन."

मी लिहिलं, 'स्वतःची दाढी स्वतः करणे.' खाली माझी नेहमीची यादी जोडली: चमच्याने जेवणे, शर्टाची बटणं लावणे, संडासला एकट्याने जाऊन येणे. बाहेर सहा माणसं ताटकळत होती. माझी नोकरी दोन वर्षांची, हातात झपाटा होता आणि त्याचा मला अभिमानही होता.

दाढीचं काम सोपं निघालं. मी विजेवरचं यंत्र आणायला सांगितलं, ते डाव्या हातात कसं धरायचं, आरसा कुठे ठेवायचा ते दाखवलं. दोन आठवड्यांत काका स्वतःचा चेहरा साफ करू लागले. त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. काकांनी डाव्या तळव्याने गाल चाचपला आणि म्हणाले, "ही माझी झाली."

मी यादीत बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले.

त्यानंतर ते मंदावले. लाकडी ठोकळे एकावर एक रचायला दिले की दोन रचून थांबायचे. बटणांची फळी पुढे सरकवली की खिडकीबाहेर बघत बसायचे. उजव्या हाताला काम द्यायचं तर माझं डोकं भिंतीवर आपटल्यासारखं व्हायचं. एकदा मी चिडून म्हणाले, "काका, हात तुमचा आहे. मला काय त्याचं?"

"खरंय," ते म्हणाले.

अहवालात मी लिहिलं, 'रुग्णाची इच्छा कमी पडते.'

नियमाप्रमाणे पहिल्या महिन्यात घरी जाऊन बघायचं असतं. मी ते दोनदा पुढे ढकललं. गेले ते थेट दहाव्या आठवड्यात, न्हाणीघरात आधाराचा दांडा कुठे बसवायचा ते ठरवायला.

मोजमाप झालं. परतताना मधल्या खोलीत पलंगावर एक म्हातारे गृहस्थ दिसले. पांढरी दाढी गळ्यावर आलेली, मिशा ओठांवर उतरलेल्या. मला बघून म्हणाले, "बघा बाई, ऋषी झालोय. फक्त ज्ञान यायचं राहिलंय."

सुनेने ओळख करून दिली. "हे आमचे मोठे मामंजी. मामंजींचे थोरले भाऊ. शाळेत हेडमास्तर होते." मग स्वयंपाकघरात नेऊन तिने हळू आवाजात बाकीचं सांगितलं. कंबर मोडल्यापासून थोरले सहा वर्षं अंथरुणात होते. दर आठवड्याला दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी काका त्यांची दाढी करायचे. तासभर चालायची. दोघं भाऊ भांडायचे, जुन्या गोष्टी काढायचे, हसायचे. एरवी दोघंही घुमे. काकांचा हात गेल्यावर त्यांच्या मुलाने वस्तरा घेतला, तर थोरल्यांनी तोंड फिरवलं. "तो बरा होऊन येईल तेव्हा करेल," म्हणाले, "मला कुठे लग्नाला जायचंय?"

बाहेर येऊन मी काकांसमोर बसले.

"काका, हे मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "सांगितलं की. पहिल्याच दिवशी. दाढी करता आली पाहिजे म्हणालो होतो."

चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या करणारा माणूस 'दाढी करणं' म्हणाला, आणि मला त्यात फक्त त्याचाच गाल दिसला होता.

दुसऱ्या दिवशी ठोकळे कपाटात गेले. मी फुगे आणले. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फुगा न फोडता उतरवायचा. वस्तरा डाव्या हातात, त्याची मूठ कापड गुंडाळून जाड केलेली. आणि उजव्या हाताने फुगा धरायचा, कातडी ताणून धरतात तसा. पहिल्या दिवशी अकरा फुटले. शेजारच्या विभागातले लोक दचकून बघायला यायचे. काकांच्या कपाळावर फेसाचे शिंतोडे. ते म्हणाले, "शिकाऊ असताना मी नऊच फोडले होते."

आता ते माझ्याआधी येऊन बसायचे. दहा आठवड्यांत जो हात धड हलला नाही, तो तीन आठवड्यांत बोटं पसरायला लागला. फुगे टिकू लागले. मग मी माझ्या बाबांना आणून खुर्चीत बसवलं. वस्तऱ्याऐवजी साधं रेझर दिलं. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले, पण एक ओरखडाही आला नाही. थोरल्यांच्या पाठीमागे किती उशा लावायच्या, काकांनी कुठल्या बाजूला उभं राहायचं, सगळं आम्ही ठरवलं. येत्या सुट्टीचा दिवस पक्का केला.

सुट्टीच्या तीन दिवस आधी थोरल्यांना धाप लागली. रुग्णालयात नेलं. प्राणवायूचा मास्क दाढीमुळे चेहऱ्याला नीट बसेना, म्हणून वॉर्डातल्या माणसाने दोन मिनिटांत ती उतरवून टाकली. काका खालून दाखल करायची कागदपत्रं पुरी करून वर आले तेव्हा काम झालेलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे थोरले गेले.

मी भेटायला गेले. काका भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "हनुवटीवर कापलं होतं. तिथे त्याला खळगा आहे. तिथे रेझर आडवं धरायचं नसतं."

त्यानंतर ते विभागात आले नाहीत. मी दोनदा फोन केला, सुनेने "सांगते" म्हटलं.

चार-पाच महिन्यांनी मी त्यांच्या दुकानात गेले. मुलगा एकाचे केस कापत होता, काका कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. काय बोलायचं ते मी रस्ताभर जुळवलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "चुकलं माझं, काका."

"मीही दुसऱ्यांदा कुठे सांगितलं?" ते म्हणाले. "आमच्यात शिकवतात, कात्री लावताना गिऱ्हाईकाने मान हलवली की थांबायचं, विचारायचं. मी मान हलवत होतो. तुम्ही थांबला नाहीत, मी बोललो नाही." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. काका उठले, पांढरं कापड झटकलं, त्याच्या गळ्याभोवती नेलं आणि दोन्ही हातांनी मागे गाठ मारली. उजव्या हाताची बोटं थोडी रेंगाळली, पण गाठ बसली. मला आनंद व्हायला हवा होता. मी मनात मोजत होते: ते तीन आठवडे पहिल्या महिन्यात आले असते तर थोरल्यांची निदान दहा वेळा तरी दाढी झाली असती.

"चहा घेऊन जा," काका म्हणाले. मी घाई आहे म्हणून सांगितलं. घाई नव्हती. "या मग पुन्हा," ते म्हणाले, आणि मी मान डोलावली.

त्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली. मी पुन्हा गेले नाही.