घंटाबाई गप्प राहिली तो दिवस

मी एक जुनी काठी आहे. थांबा, थांबा मित्रांनो! काठी म्हटल्यावर लगेच आजोबांच्या हातातली डोळ्यांपुढे आणू नका. मी उंच आहे, म्हणजे किती, तर आगीचा बंब शेजारी उभा केला तरी त्याच्या टपावरच्या शिडीपेक्षा माझं डोकं वर! आणि डोक्यावर पितळेची घंटी. सुतारकाकांनी मला रंधा मारून गुळगुळीत केलं, घंटी बांधली आणि म्हणाले, "घे, आता तुला वाचा फुटली." तेव्हापासून सगळे मला घंटाबाई म्हणायला लागले.

आता माझं काम सांगते. नदीकाठी एक वस्ती होती. तिथून वर यायला रस्ता एकच, दोन्ही बाजूंना मोठाली झाडं. नदी चढली की याच रस्त्याने गाड्या आणून माणसं बाहेर काढायची, आणि एखादी उंच गाडी फांदीला अडली की सगळंच अडलं. म्हणून झाडं छाटणारी टोळी मला उभी धरून त्या रस्त्याने चालायची. फांदी घंटीला लागली, टिण्ण! की ती छाटायची. नाही वाजले, तर पुढे.

टोळीच्या मुकादम मावशी होत्या. त्या सारख्या म्हणायच्या, "केस कापायचेत रे, मान नाही!" मला धरायचा लंबू. टोळीत सगळ्यात बुटका तोच, म्हणून नाव लंबू! त्याची आई त्याच खालच्या वस्तीत, अंथरुणाला खिळलेली. तिला हलवायचं तर रुग्णवाहिकाच हवी.

एका वर्षी नवे साहेब आले. रस्ता बघून म्हणाले, "दरवर्षी छाटत काय बसता? अख्खी ओळच तोडा, कटकट मिटेल."

"अहो साहेब, या मुळांनीच रस्त्याची कड धरलीय," मावशी म्हणाल्या. "झाडं गेली तर कड नदीत जाईल. मग गाड्या काय हवेतून नेणार?"

साहेब म्हणाले, "बरं. पावसात माणसं बाहेर काढायची तालीम घेऊ. घंटी एकदा जरी वाजली तर ओळीला करवत."

आमची छाटणी नेहमीसारखी उन्हाळ्याआधीच उरकली होती. तेव्हा मी शेवटी एक फेरी मारली होती आणि कुठ्ठे वाजले नव्हते. त्यामुळे तालमीला आम्ही कसे निघालो, तर अगदी ऐटीत! पाऊस धो धो. साहेब छत्री घेऊन मागे. आणि वळणावरच्या झाडाखाली... टिण्ण!



लंबू हळूच म्हणाला, "मावशी, जरा तिरपी धरू का? वीतभरच तर लागतंय. पावसात साहेबांना ऐकूही गेलं नसेल."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. "खाली कोण राहतं रे तुझं?"

"आई."

"मग सरळ धर."

लंबूने मला सरळ धरलं. मी पुन्हा वाजले, चांगली खणखणीत. मावशींनी स्वतःच हाक मारली, "साहेब, वाजली बरं का! चूक आमची. आम्ही मोजतो पानगळीत. तेव्हा फांदी उघडी असते, हलकी असते. पानं आली, भिजली, की ओझ्याने खाली येते. इतकी वर्षं मोजतोय, पण डोक्यात शिरलंच नाही!"

साहेबांनी छत्री बाजूला करून वर पाहिलं. तोंडावर पाणी झेलत त्यांनी ती भिजलेली फांदी न्याहाळली. मग म्हणाले, "म्हणजे झाडाचा दोष नाही."

"झाडाचा कसला? मोजणाऱ्यांचा."

"मग आत्ता मोजा. वाजेल तिथे छाटा. करवतीचं नंतर बघू."

भर पावसात सगळा रस्ता पुन्हा मोजला. वाजून वाजून माझा घसा बसला, मित्रांनो!

आणि त्याच पावसाळ्यात नदी खरंच चढली. पुढे उघडी जीप, जीपच्या पायरीवर लंबू मला बाहेरून रस्त्यालगत सरळ धरून, मागे रुग्णवाहिका, तिच्यात त्याची आई आणि तिच्यामागे बसगाड्यांची रांग. वळण आलं. लंबूची माझ्यावरची मूठ घट्ट झाली. पानं अगदी जवळून गेली, एक थेंब टपकन घंटीवर पडला... पण मी वाजले नाही. गाड्या थेट वर जाऊन थांबल्या.

लंबूने रुग्णवाहिकेचं दार उघडलं तर आई म्हणाली, "पोचलोसुद्धा? मला वाटलं आत्ता कुठे निघालो."

लंबू हसला आणि त्याने शर्टाच्या बाहीने माझी घंटी पुसली. साहेबांनी करवतीचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता लाल ठिपक्याने उंची मोजणारं यंत्र आलंय. मी टोळीच्या अवजारांच्या शेडमध्ये कोपऱ्यात असते. माझ्या घंटीत कोळ्याने घर केलंय, कुणी कुणी माझ्यावर ओले रेनकोट वाळत टाकतात. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण हल्ली मुकादम झालेला लंबू यंत्र घेऊन निघतो तो पावसातच. "पानं भिजू देत, मग मोजू," असं ओरडतो, ते मला इथपर्यंत ऐकू येतं.

मित्रांनो, एवढंच कराल? भर पावसात तुमच्या रस्त्यावरची झाडं एकदा मान वर करून बघा. फांदी वाकलेली दिसली तर मोठ्यांना सांगा. वेळेवर एक फांदी काढली तर झाडही राहतं आणि वाटही. आणि कधी शेडमध्ये आलात तर मला जरा हलवा. वाजायची मला अजून भारी हौस आहे. रस्त्यावर मात्र मी गप्प राहिलेलीच बरी!