बारा जणांतला सिरिल

"माझं काही चुकलं असेल तर माफ कर, बाय," सिरिल तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा व्हिक्टोरियानं त्यानं आणलेली सुरमईची पिशवी त्याच्याच पुढ्यात सरकवली.

धाकटा भाऊ माजिवड्याच्या या घरात आईच्या मयतानंतर आज पहिल्यांदा आला होता, आणि का आला ते तिला पक्कं ठाऊक होतं. पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. यंदा त्या बारांत सिरिल होता. फादरांनी अट घातली होती, आधी बहिणीशी समेट कर. मग काय, गडी मासळीबाजारातून थेट इकडे. पायही आतापासूनच घासून गुळगुळीत केलेले, सँडलमधून नखं चमकत होती. पाय धुवून घ्यायला जाणारी ही मंडळी घरूनच पाय धुऊन जातात, आणि वर त्याला नम्रता म्हणतात.

"काय चुकलं ते बोल," ती म्हणाली.

तो घाम पुसत राहिला. जुनं झालं, आपण म्हातारे झालो, येशूनं तर खिळे मारणाऱ्यांनाही माफ केलं, असं बरंच पुटपुटला. व्हिक्टोरियाला त्याची किळस आली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याच्या, अल्फान्सोच्या घरी जाऊन, तिला फिट येतात म्हणून सांगताना हीच जीभ सुरीसारखी चालली होती. ठरलेलं लग्न मोडलं. पुढं ती जन्मभर खोपटच्या एसटी डेपोत रिझर्वेशनच्या खिडकीवर बसली. तिथं तिला कधी साधी चक्कर आलेली कुणी पाहिली नाही, पण गावठाणात ती फिटवालीच राहिली. ते खोटं होतं, हे त्यानं मरण्यापूर्वी एकदा तोंडानं म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

"तुला फिट नव्हती येत," शेवटी सिरिल जमिनीकडे बघत म्हणाला. "मी खोटं बोललेलो. आईचं हगणंमुतणं कोण काढणार होतं? आमची ही तर तयार नव्हती."

एवढंच! इतकी वर्षं तिला वाटत होतं, याच्या मनात काहीतरी मोठं वैर असेल. भाऊ नुसता आळशी निघाला.

एकदा तोंड उघडल्यावर त्यालाही मोकळं वाटलं असावं. "अल्फान्सो नंतर आलेला, दोनदा. बोलला, फिट असली तरी चालेल. तू ड्युटीवर होतीस. मीच सांगितलं, तिला तुझं तोंड बघायचं नाय."

व्हिक्टोरिया खुर्चीत बसली. एका अफवेला भिऊन पळालेला नेभळट, असं तिनं अल्फान्सोला आयुष्यभर मानलं होतं. चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की तो पुढच्या बाकावरून मागं वळून तिला हात जोडायचा. दर रविवारी. ती मुद्दाम पर्समध्ये रुमाल शोधत बसायची. गेल्या पावसाळ्यात त्याला पुरलं, तेव्हा मूठभर माती टाकायलाही ती गेली नव्हती.

"मग, माफ केलंस ना?" सिरिलनं विचारलं.

"केलं. तुला माफ करायला काय लागतं? तुझ्याकडून कधी कसली आशाच नव्हती. जा आता."

तो गेला, जाताना सुरमईही घेऊन गेला. व्हिक्टोरियानं दार लावलं आणि बंद दारासमोर हात जोडून उभी राहिली.

"रुमाल नव्हते रे शोधत मी," ती म्हणाली.