हॅज गॉन, हॅज बीन

“मावशी, पुन्हा चुकलात. हॅज बीन म्हणजे जाऊन परत आला. तुमचा मुलगा परत आलाय का?”

“नाही आला.”

“मग हॅज गॉन म्हणा.”

बाईंनी खडू टेबलावर टाकला. रुग्णालयातल्या आयांना कामापुरतं इंग्रजी शिकवता शिकवता त्यांचा घसा बसला होता. हा धडा म्हणजे तर पालथ्या घड्यावर पाणी. बाकीच्या आया निदान ‘डॉक्टर हॅज गॉन टू जेवण’ असं काहीतरी ठोकून मोकळ्या व्हायच्या. ही मावशी मात्र बाकी सगळं बिनचूक सांगायची आणि नेमकी इथे अडून बसायची. उद्या तोंडी परीक्षा होती. पास झाली तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा रोजंदारी, तीही या वयात.

“साधं आहे हो. गॉन म्हणजे गेला.”

“तेच तर,” मावशी म्हणाली. “बोटीवर नोकरीला लागला, तेव्हापासून फोन नाही की काही नाही. बोटवालेपण हात वर करतात. सगळे म्हणतात, गेला. म्हणू देत. मी आई आहे ना, बाई?”

थकलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख ऐकायचाही कंटाळा येतो. बाईंना तो आला, आणि स्वतःचा रागही आला.

“व्याकरणात गेला म्हणजे नुसता गेला, मावशी. एका शब्दापायी नोकरी घालवू नका.”

दुसऱ्या दिवशी परीक्षा घ्यायला बाहेरचे साहेब आले. बाई शेजारी बसल्या होत्या. साहेबांनी मावशीला नाव विचारलं, काम विचारलं, मग मुलगा कुठे असतो म्हणाले. मावशीने एकदा बाईंकडे पाहिलं.

“माय सन हॅज गॉन,” ती म्हणाली. कुठेही न अडखळता.

“व्हेरी गुड!” साहेब खूश झाले. “बाई, छान तयारी करून घेतलीत हं.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी उठली, खुर्ची नीट आत सरकवली.

“जाते, बाई.”

येते म्हणावं, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मावशीचा आणखी एक शब्द दुरुस्त करायची त्यांना लाज वाटली.