काचेचं पाणी

गेले चार महिने मी वर्कशॉपमध्ये गाड्या मारतोय. दुरुस्त करत नाही, मारतो. सरकारची योजना आली, की पेट्रोल ढोसणारी जुनी गाडी द्या आणि कमी पिणारी नवी सवलतीत घ्या. अट अशी, की जुनी गाडी स्वतःच्या चाकांवर चालत आली पाहिजे आणि आल्यावर पुन्हा कधी चालता कामा नये. म्हणून इंजिनातलं तेल काढायचं आणि त्या जागी काचेचं पाणी ओतायचं. त्या चिकट, पांढुरक्या औषधाला आम्ही हेच नाव ठेवलंय. ते तापलं की आतल्या आत काचेसारखं घट्ट होतं. इंजिन जोरात चालवायचं आणि जाम होईपर्यंत शेजारी उभं राहायचं. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. मॅनेजर फोनवर त्याचं चित्रण करतो, ते सरकारी कचेरीत जातं आणि सवलत मंजूर होते.

पोटासाठी माणूस काय वाट्टेल ते करतो, असं मी स्वतःला सांगायचो. पण बाबांच्या गाडीचं मी जे केलं ते पोटासाठी नव्हतं. मला नवी गाडी हवी होती, एवढंच.

बाबा बस डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक होते. इंजिन न उघडता, नुसतं ऐकून ते रोग सांगत. मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्यांची स्वतःची गाडी सव्वीस वर्षांची, फिकट निळी. दर रविवारी सकाळी ते तिच्यापाशी असत, म्हणून आई तिला सवत म्हणायची. 'सवतीला आंघोळ घालून झाली असेल तर जेवायला या,' अशी हाक यायची.

योजना महिनाअखेर बंद होणार होती. गाडी बाबांच्या नावावर, म्हणजे सही त्यांची हवी. धडधाकट गाडी मोडायला ते जन्मात तयार झाले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी थाप मारली. गाडी एका शाळेतल्या बाईंना द्यायची आहे, त्यांना रोज लांब जावं लागतं, चांगल्या घरी पडेल, असं सांगितलं. बाई, शाळा, लांबचा रस्ता, सगळं मी जेवता जेवता रचलं. बाबांनी घास संपवला आणि बाईंना क्लच जड जाईल का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी गाडी बाईंच्या नावावर करायची म्हणून योजनेचा फॉर्म पुढे केला. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर लागत नाही. तरीही चोराच्या मनात चांदणं. 'इंजिन कायमचे निकामी करण्यास माझी संमती आहे' ही ओळ सहीच्या बरोबर वर होती. त्या ओळीवर मी बोट आडवं ठेवलं आणि म्हटलं, इथे खाली. त्यांनी सही केली. माझं बोट थोडं बाजूला सरकवून केली, सहीला जागा पुरत नव्हती म्हणून.

ठरल्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः गाडी वर्कशॉपवर आणली; बाई तिथूनच नेतील, असं मी सांगितलं होतं. आदल्या दिवशी नवं तेल घातलं होतं आणि टाकी काठोकाठ भरली होती. दुसऱ्याच्या हाती रिकामी गाडी देऊ नये, म्हणाले. मग खिशातून चौघडी कागद काढून माझ्या हातात दिला. मोठ्या, थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बाई, सकाळी चोक ओढल्यावर मनात वीस आकडे मोजावेत. दुसरा गिअर दटावून पडत नाही, समजावून पडतो. उजवी काच वर करताना हाताने धरावी. गाडी वाटेत सोडणार नाही.'

मी कागद डांगरीच्या खिशात कोंबला आणि त्यांना घरी जायला सांगितलं. त्यांनी मान डोलावली. ते गेले असं मी धरून चाललो.

तेल काढलं. मधासारखं स्वच्छ तेल भांड्यात पडत होतं आणि मी दुसरीकडे बघत होतो. काचेचं पाणी ओतलं, इंजिन चालू केलं. मॅनेजरने फोन धरला. तीन मिनिटं झाली, पाच झाली, सात झाली. मॅनेजर हसून म्हणाला, ही तर मरायलाच तयार नाही. मला त्याचा असा राग आला की त्याचा फोन घेऊन त्याच पाण्यात बुडवावा असं वाटलं. नवव्या मिनिटाला आतून कोरडी ठकठक सुरू झाली.

आणि दारातून बाबा धावत आले. या वयात धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बाईंना भेटून दोन गोष्टी सांगाव्यात म्हणून ते बाहेरच्या बाकावर बसून राहिले होते, आणि भिंतीपलीकडून त्यांना आवाज कळला होता.

"बंद कर," ते म्हणाले. "अरे, तेल नाही तिच्यात. बंद कर आधी."

मी हात हलवला नाही. गाडी एकदा थरथरली आणि थांबली. मॅनेजरने फोन खाली घेतला.

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, भाजला तसा मागे घेतला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे, पण त्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते हळूच म्हणाले, "तेल भरायला विसरलास. होतं असं. डेपोत माझ्याही हातून झालं होतं एकदा."

मग मॅनेजरकडे वळून त्यांनी हात जोडले. मुलगा कामाला चोख आहे, एक चूक पदरात घ्या, म्हणाले.

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. आणि तरीही गप्प बसलो. चूक हे नाव मला आयतंच मिळालं होतं, ते मी घेतलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप उघडायच्या आधी बाबा दारात उभे होते. बगलेत त्यांची जुनी पान्यांची पेटी आणि हातात पुठ्ठ्याचा खोका. खोक्यात तेलकट कागदात गुंडाळलेला पिस्टनच्या रिंगांचा जोड. पुढेमागे लागेल म्हणून बारा वर्षं माळ्यावर जपलेला. चूक झाली की झाकायची नाही, उघडायची, म्हणाले. आपण दोघं इंजिन उघडू, बाईंना दोन दिवस उशीर होईल असं कळवून टाक.

त्यांनी बाह्या दुमडल्यासुद्धा होत्या.

"बाबा, बाई नाहीत," मी म्हटलं. "आणि चूकही नव्हती."

मग सगळं सांगितलं, औषधाचं, योजनेचं आणि फॉर्मवरच्या त्या ओळीचंही. बोटाचंही सांगितलं. थोबाडीत मारली असती तर मी त्यांचे उपकार मानले असते. त्यांनी बाह्या पुन्हा खाली केल्या, बटणं लावली आणि बाईंसाठी लिहिलेला कागद मागितला. खिशातून काढून दिला. त्याला तेलाचे डाग पडले होते. तो त्यांनी घडी मोडू न देता रिंगांच्या खोक्यात ठेवला.

"सही माझीच आहे," ते म्हणाले. "वाचून करायला हवी होती."

एवढं बोलून ते पेटी उचलून बसस्टॉपकडे गेले. पेटी मी घेतो म्हटलं, तर नको म्हणाले.

आठ दिवसांनी नवी गाडी दारात आली. आईने तिच्याभोवती एक चक्कर मारली, दार उघडून बघितलं, लावून बघितलं. बाबा पायरीवर बसले होते. आईला त्यांनी तोवर काहीच सांगितलं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. कारण ती हसत त्यांना विचारत होती, "आणि माझी सवत? नीट पोचली ना त्या बाईंकडे?"

मी सांगायला तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पोचली," ते म्हणाले. "चांगल्या घरी पडली."