शंभराव्या घरात

दोन आडव्या रेघा, एवढ्याशा, एकीखाली एक... टपालानं पाठवलेल्या उत्तराच्या कार्बन प्रतीवर त्या नव्हत्याच. अकोल्याच्या टपालकचेरीतल्या बाकावर बसून धर्मपालनं कागद पुन्हा उजेडात धरला. =F'100' हवं होतं; त्यानं नुसतं 100 लिहिलं होतं. आधी बरोबरचं चिन्ह असलं की गणकयंत्राला कळतं, शंभर हीच किंमत, हीच मिळवायची. चिन्ह नसलं की तोच शंभर पत्ता होतो — यंत्र आपल्या स्मृतीतल्या शंभराव्या घरात शिरतं आणि तिथं जे पडलं असेल ते उचलून आणतं. चूक दाखवत नाही, कुरकुरत नाही. हे सगळं पुस्तकातलं; यंत्र मुंबईच्या कंपनीत होतं, त्यानं ते पाहिलंही नव्हतं. बी. एस्सी. होऊन दोन वर्षं झाली होती, कंपनीच्या ह्या चाचणीतून एकालाच नोकरीत घेणार होते, आणि लखोटा आत्ताच खिडकीतून आत गेला होता.

त्यानं खिडकीशी जाऊन लखोटा परत मिळेल का विचारलं.

"थैली बंद नाही झाली अजून," आतले कारकून, खुशालराव, म्हणाले. "अर्ज द्या, काढून देतो. गाव कोनतं?"

"बार्शीटाकळी."

"बार्शीटाकळीत कोनीकडे?"

कोनीकडे... अमरावतीत खोली शोधताना असंच व्हायचं. आधी गाव, मग पुरा, मग विहीर कोणती, आणि बोलता बोलता पुढे केलेला पाण्याचा पेला मागे जायचा.

"देवमनचा पोरगा तं नाही तू?"

"नाही."

किती पटकन निघालं ते! देवमन, त्याचा बाप, जिवंत होता; सकाळी त्यानंच सायकलवरून स्टेशनापर्यंत सोडलं होतं.

"नाकडोळे तसेच दिसले म्हनून इचारलं," खुशालराव हसले. "शाळेत तो बाहेर वट्ट्यावर बसे, मी आत खिडकीपाशी. त्याच्या पाटीवरून उतरवून चौथी पास झालो बाप्पा! घे, लिही. नाव लखोट्यावरच्या नावाशी जुळलं पायजे."

लखोट्यावर पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट.

खुशालरावांनी सरळ ओळखच विचारली होती... तिला पत्ता समजून धावलो तो मी.

'धर्मपाल' एवढं लिहून टाक थांबला. आत कोणीतरी थैलीचं तोंड आवळायला सुतळी ओढत होतं. खुशालराव खिडकीतून कागदाकडे बघत होते, मायेनं. टाकाखाली शाईचा ठिपका पसरत चालला. त्याला मुंबईतलं ते न पाहिलेलं यंत्र दिसलं — मुकाट्यानं भलत्या घरात जाऊन येणारं, आणि कुठंही न कुरकुरणारं.